होल्डवर ठेवलेलं विश्व

नव्या घरात राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या तुळशीच्या कुंडीला एक पिवळी चिठ्ठी लटकलेली दिसली. सुतळीने व्यवस्थित बांधलेली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'होल्ड. कारण : जिन्यात कशी आली, खुलासा नाही.'

मी घाबरलेच. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळची ती आमची पहिली स्वतःची जागा. सोसायटीचा एखादा नियम मोडला की काय असं वाटून मी समोरचं दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं. फटीतून आधी चष्मा दिसला, मग त्याच्यामागचा एक डोळा.

"कोण?"

"आम्ही समोर नवीन आलोय. मी शाळेत शिकवते."

"ते ठीक आहे. पण आलात कशाला?"

एखाद्या शेजाऱ्याने असं विचारलं तर माणूस आयुष्यभर अबोला धरील. पण तेवढ्यात त्या चष्म्याच्या मागून एक हसरी बाई पुढे आली, दार सताड उघडलं आणि म्हणाली, "मनावर घेऊ नका हो. ते सगळ्यांनाच विचारतात. परवा पाऊस आला तर त्यालाही विचारलं."

ही सुमनवहिनी. आणि तो चष्मा म्हणजे अप्पा खैरनार.

अप्पा मूळचे सटाण्याकडचे, नोकरीला अंबडच्या एका कारखान्यात. बाहेरून येणारा सुटा माल तपासायचं त्यांचं काम होतं. गेटमधून आत आलेला प्रत्येक लोखंडी तुकडा त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा. ठीक असेल तर हिरवी चिठ्ठी, खराब असेल तर लाल, आणि काही संशय असेल तर पिवळी, म्हणजे होल्ड. उभी हयात अप्पांनी हे केलं आणि मग ती सवय संध्याकाळच्या बसने घरी यायला लागली. कंपनीच्या चिठ्ठ्या घरी आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. म्हणून ते जुन्या लग्नपत्रिकांचे पिवळे पुठ्ठे कापून घरच्या चिठ्ठ्या करत. रद्दीवाल्याचा तराजू, वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज, गच्चीवरची टाकी, सगळं होल्डवर. त्यांची मुलगी धुळ्याला दिली होती. जावयाला दोन मुलं झाली तरी अप्पांच्या लेखी तो अजून होल्डवरच होता. "माणूस चांगला वाटतो," ते म्हणायचे, "म्हणूनच संशयाला जागा आहे."

हिरवी चिठ्ठी मात्र घरात कशालाही लागलेली मी कधी पाहिली नाही.

त्यांच्याकडे खायला काही नेलं तर ते आधी उजेडात धरत. माझी करंजी त्यांनी कानाशी हलवून पाहिली होती. मी रागावले तेव्हा सुमनवहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाहेर एवढा तपासणारा माणूस, पण माझ्या हातची आमटी खारट झाली ना, तर निमूट खाऊन उठतो. मी जेवायला बसले की मला कळतं." हे सांगताना त्या लाजल्या होत्या.

अप्पांचा खरा संशय मला कळला तो गच्चीवर. मी कुरडया वाळत घालत होते. अप्पा कठड्याला टेकून समोर पांडवलेण्यांच्या डोंगराकडे असे बघत होते, जणू त्या डोंगराने कालच कुणाची तरी जमीन ढापली आहे.

"बाई, हे सगळं आहे कशाला?"

"कोणतं?"

"हेच. हा डोंगर, तिकडं अंबडची धुराडी, तुम्ही, मी, तुमच्या कुरडया. काहीच नसतं तर किती सोपं झालं असतं! जागा लागली नसती, वीज लागली नसती, देखभाल लागली नसती. नसायला काही खर्च नाही. असायला सगळा खर्च. मग हा एवढा माल आला कुठून? मागवला कुणी?"

"देवाने केला असेल," मी आपलं सवयीने म्हटलं.

"कुणी मागवला नसताना माल आला ना बाई, की आमच्याकडे पहिला संशय येतो. कुणीतरी काहीतरी लपवतंय."

मी कुरडया मोजक्याच घालून खाली आले. त्या रात्रीच्या वरणभाताकडेही मी जरा संशयानेच पाहिलं. हा रोग संसर्गजन्य होता.

आमच्या वरच्या मजल्यावर थोरात सर राहत. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, तरी बायकोच्या आग्रहाने दर श्रावणात सत्यनारायण घालायचे. पंचवटीतले एक गुरुजी पूजा सांगायला येत. पूजा आटोपल्यावर अप्पांनी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, विश्व कुणी केलं?"

"भगवंताने."

"भगवंत कुठून आला?"

"तो स्वयंभू आहे. त्याला कुणी केलेला नाही."

"म्हणजे त्याच्याही चलानावर पाठवणाऱ्याचं नाव नाही," अप्पा म्हणाले. "बरं, केलं ते केलं. कशासाठी?"

"लीला! खेळ आहे त्याचा."

"खेळायला एवढा पसारा? आणि खेळून झाल्यावर आवरणार कोण?"

गुरुजींनी ताम्हन जरा घाईने पिशवीत भरलं. सुमनवहिनींनी अप्पांच्या तळहातावर प्रसाद ठेवला. अप्पांनी तो न बघताच तोंडात टाकला.

मग थोरात सरांची पाळी. सर उत्साही माणूस, त्यात समोर प्रश्न विचारणारा. वर्गात त्यांना तो मिळत नसावा. ते म्हणाले, "अप्पा, रिकामी जागा कधी खरी रिकामी नसतेच. तिच्यात बारीक कण आपोआप उपजतात, आपोआप नाहीसे होतात. सगळं विश्वही असंच शून्यातून आपोआप उपजलं असेल."

"आपोआप?" अप्पा उभेच राहिले. हा शब्द म्हणजे त्यांच्या हयातीचा वैरी. माल फुटका निघाला की पुरवठादार हेच सांगायचा, 'साहेब, तडा आपोआप गेला.'

"सर, तुमच्या त्या शून्यात जागा होती?"

"जागा... म्हणजे तशी होती."

"कण कसे उपजायचे त्याचे नियम होते?"

"नियम असणारच."

"मग शून्य कसलं? ते तर भरलेलं गोडाऊन झालं. गोडाऊनमधून माल बाहेर आला, याचं मला नवल नाही. गोडाऊन कुणाचं, एवढंच विचारतोय."

सर हार मानणारे नव्हते. त्यांनी एकदा सांगितलं, की विश्व एक नाही, अनंत असतील, त्यातलं एखादं असं निघालं. अप्पा म्हणाले, "एका लॉटचा खुलासा मागितला तर अनंत लॉट पाठवलेत म्हणता. असल्या पार्टीला आम्ही गेटच्या आत घेत नाही." दुसऱ्यांदा सर म्हणाले, की आपण आहोत म्हणूनच हा प्रश्न पडतो, नसतो तर पडला नसता. त्यावर अप्पा हसले. "ज्याच्या घरात चोरीचा माल सापडतो तोही असंच म्हणतो सर. सापडला म्हणून तुम्ही विचारताय, नाहीतर विचारलं नसतं."

शेवटी दोघांचं घोडं 'आपोआप'वर अडलं. अप्पांनी जाहीर केलं, की आपोआप काही येत नसतं हे मी सिद्ध करून दाखवतो. एक डबा रिकामा करून बंद करायचा, लाखेने सील करायचा आणि निवृत्तीच्या दिवशी उघडायचा. रिकामा तो रिकामाच निघणार.

"अहो, पण ते कण डोळ्यांना दिसत नाहीत," सर म्हणाले.

"जे दिसत नाही त्याला मी माल म्हणत नाही."

डबा वहिनींचा होता. भावाने भाऊबिजेला दिलेला, घट्ट झाकणाचा, स्टीलचा, अंगावर 'सौ. सुमन' असं नाव कोरलेला. इतका चांगला डबा काही न ठेवण्यासाठी जाणार म्हणून वहिनी सकाळपासून नाराज होत्या. "रिकामा डबा घरमा बरा नही," असं आपल्या अहिराणीत त्या दोनदा पुटपुटल्या. अप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डबा घासून पुसून आणला, आत बॅटरी मारली आणि मला व सरांना पंच म्हणून आळीपाळीने डोकावायला लावलं. डोकावून झाल्यावर मोठ्याने 'काही नाही' असं म्हणायचं होतं. मी म्हटलं. सर म्हणताना अडखळले, कारण शास्त्र आड येत होतं, पण त्यांनीही म्हटलं.

मग अप्पा मेणबत्तीवर लाख वितळवायला बसले. लाखेचा पहिला थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडला, दुसरा सरांच्या पँटवर. एकच धांदल उडाली. वहिनी म्हणाल्या, "अजून ओलसर वाटतोय, फडक्याने कोरडा करून देते," आणि डबा आत घेऊन गेल्या. आल्या त्या झाकण लावूनच. अप्पांनी झाकणाच्या कडेने लाख ओतली, कपाटाच्या किल्लीचा ठसा उमटवला, आणि खिशातून हिरवी चिठ्ठी काढली. मी पाहिलेली पहिली. 'ओके. आत काही नाही.' डबा देवघराच्या वरच्या फळीवर गेला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

त्यानंतर वर्षं गेली. अंबडला नवे कारखाने आले, जुने बंद पडले. आमचे हे नाशिकरोडच्या ऑफिसातून येताना द्वारकेच्या चौकात रोज अडकायला लागले, आणि त्यांनी तक्रार केली की अप्पा समाधानाने म्हणायचे, "बघा, तुम्हालाही तोच प्रश्न पडला. एवढं सगळं आहेच कशाला?" डबा फळीवर होता. वहिनी त्याच्या आजूबाजूची धूळ पुसायच्या. आमच्या दोन घरांमध्ये मात्र दुसरे डबे रोज फिरत होते. मी पाठवलेला डबा वहिनींनी कधी रिकामा परत केला नाही. घरात काही नसलं तर निदान लिंबू, दोन हिरव्या मिरच्या, नाहीतर तळाशी चिमूटभर साखर. मीही तसंच करायचे. आई करायची म्हणून मी करायचे, त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

कुंभमेळा होऊन गेला त्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. सकाळी छातीत दुखलं म्हणाल्या आणि दुपारी नव्हत्या.

अप्पांनी चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. गच्चीवर यायचं बंद केलं. मी भाजी-आमटीचा डबा पाठवायचे. तो दुसऱ्या दिवशी घासून, पुसून, उन्हात वाळवून आमच्या दाराशी परत यायचा. झाकण वेगळं, डबा वेगळा, दोन्ही आतून बाहेरून स्वच्छ, आणि डबा रिकामा. एकदा जिन्यात भेटले तर म्हणाले, "बाई, हे सगळं का आहे, हे विचारण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा सगळे हसायचे, पण उत्तर द्यायचे. आता ती का नाही, हे विचारतो तर कुणी उत्तर देत नाही. सगळे म्हणतात, विचार करू नका." मला त्यांचं फार वाईट वाटलं. मीही कालच त्यांना विचार करू नका म्हणाले होते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यातला हार न काढताच त्यांनी मला आणि थोरात सरांना बोलावलं. डबा टेबलावर काढून ठेवला होता. इतक्या दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा जोर होता. "घरात तपासून पास केलेला माझा एवढा एकच माल," ते म्हणाले. "बाकी सगळ्याबद्दल मला संशय आहे. ह्याच्याबद्दल नाही."

किल्ली ठशाशी जुळवून पाहिली. सरांनी भिंग आणलं होतं, त्यांनीही पाहिलं. सील जसंच्या तसं होतं. अप्पांनी पेचकसाने लाख उडवली, झाकण ओढलं आणि आत बघितलं.

तळाशी साखर होती. चिमूटभर. सर्दावून एका कडेला खड्यासारखी चिकटलेली.

थोरात सरांना राहवलं नाही. "अप्पा! आपोआप!" असं म्हणून ते टाळी द्यायला पुढे झाले. कुणी टाळी दिली नाही. अप्पांनी हिरवी चिठ्ठी सोडवली, घडी करून खिशात ठेवली. इतका घाबरलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. सगळं जग संशयास्पद असताना एका डब्यावर तोल सांभाळून उभे होते, तो डबाही गेला.

मला साखर दिसली तेव्हाच शंका आली होती. पण अप्पांच्या आधी तोंड उघडणं मला बरं दिसेना.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. पहिला संशय सरांवर, कारण फायदा त्यांचा होता. पण सरांना मधुमेह, त्यांच्या घरात साखरच येत नसे. सुटले. मग माझ्याकडे आले. कागदावर माझ्या डब्यातली चमचाभर साखर घेतली, खिडकीशी नेऊन शेजारी तो खडा ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुमची बारीक आहे," ते म्हणाले. "ही जाड. रेशनच्या दुकानातली. ही आता कुणी आणत नाही."

"पूर्वी कोण आणायचं?" मी विचारलं.

अप्पा कागदाची पुडी करून निघून गेले, आणि चौकशी थांबली.

मग एका सकाळी स्वतःहून आले. हातात तो डबा. आमच्याकडे कधी बसत नसत, त्या दिवशी खुर्चीवर बसले.

"बाई, तुम्ही पंच होतात. शेवटी डबा कुणाच्या हातात होता?"

"वहिनींच्या."

"मी बॅटरी मारली, दोघांना दाखवला, सगळं केलं. आणि तिने झाकण लावून आणून दिला तर उघडून पाहिला नाही."

"का नाही पाहिलात?"

अप्पांनी चष्मा काढला. "तिचा माल मी कधी तपासलाच नाही हो. लग्न झाल्यापासून. तिने दिलं, मी घेतलं."

डबा त्यांनी मांडीवर धरला होता, नावाची बाजू वर करून. जरा वेळाने त्यांनी नेहमीच्या तपासणीच्या आवाजात विचारलं, "तुम्ही बायका डबा रिकामा का ठेवत नाही? कारण काय त्याचं?"

मी विचार केला. इतकी वर्षं मुलांना कारणं शिकवली, पण याचं सापडेना. "कारण नाही, अप्पा. रिकामा बघवत नाही, एवढंच."

"नुसतं बघवत नाही म्हणून?"

"हो."

"कुणी मागितलेलं नसतं?"

"नसतं."

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोर डोंगर होता, धुराडी होती, शाळेच्या रिक्षांचा गोंगाट होता. नेहमीचंच सगळं.

"मग हेही..." ते म्हणाले आणि थांबले. "कुणाला तरी रिकामं बघवलं नसेल." मग लगेच सावरून बसले आणि माझ्याकडे बोट रोखलं. "नुसता संशय आहे हं. पुरावा नाही."

जाताना मी विचारलं, आता डब्याचं काय करणार. त्यांनी खिशातून ती जुनी हिरवी चिठ्ठी काढली. 'आत काही नाही' एवढ्यावर बारीक रेघ मारलेली होती. 'ओके' तसंच ठेवलं होतं.

"आणि विश्व?"

"ते होल्डवरच. घाई नाही."

संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडेपर्यंत समोरचं दार बंद झालं होतं. उंबऱ्याशी माझा आदल्या दिवशीचा भाजीचा डबा होता, पण या वेळी झाकण लावलेलं. उचलायला गेले तर जड लागला. आत साखर होती, दुकानातून नुकतीच आणलेली. किती घालायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. डबा काठोकाठ भरला होता.